पाठमोरीचा दोर

या, जरा पुढे सरका. दाराशी बसलात तर निम्मी गोष्ट वाराच पळवून नेईल. पाय लांब करायचे असतील तर करा, इथे कुणी रागावणारं नाही. एका दोराची गोष्ट सांगते, आणि तो दोर वळणाऱ्या बाईची. ऐकून मन भरलं नाही तर मला सांगा, पहिल्यापासून पुन्हा सांगेन. माझं काय जातंय!

गावाच्या कडेला एक लांबच लांब, सरळ, झाडून लख्ख केलेली पट्टी होती. ती दोरवाल्यांची. एका टोकाला खांबाला बसवलेलं लाकडी चाक आणि चाकाला लोखंडी आकडा. कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा गुंडाळायचा, त्याची टोकं आकड्यात अडकवायची आणि चाकाकडे तोंड करून मागे मागे चालत जायचं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने चालत बोटांमधून वाख सोडायचा. पीळ बसत जातो आणि पेड तयार होतो. असे तीन पेड एकमेकांत वळले की झाला दोर. म्हणजे दोरवाल्यांचं सगळं आयुष्य उलट्या पावलांनी. त्या घरची सून लग्न होऊन आली आणि वर्षभरात सासऱ्यांपेक्षा सरळ मागे चालायला शिकली. तेव्हापासून गाव तिला पाठमोरी म्हणू लागलं.

आता वाख असतो हातभर लांब, आणि दोर हवा दीडशे हात. मग दोर म्हणजे काय? नुसते जोड. एक मूठ दहा पावलं पुरते; ती संपत आली की दुसऱ्या मुठीचं शेपूट तिच्यात घालायचं, पीळ त्याला धरून ठेवतो. चांगला जोड डोळ्यांना दिसत नाही. तोच त्याचा गुण, आणि तोच त्याचा धोका. कारण तिन्ही पेडांचे जोड शेजारी शेजारी आले तर दोर तिथेच तुटणार. म्हणून सासऱ्यांनी घालून दिलेली रीत होती: पहिल्या पेडाचा जोड दहाव्या पावलाला, दुसऱ्याचा तेराव्याला, तिसऱ्याचा सोळाव्याला, आणि पुढे दर दहा पावलांनी तसंच. पावलं तोंडाने मोजायची नाहीत, मनात मोजायची. आणि दुसरी रीत अशी, की विहिरीचा दोर असेल तर पहिल्यांदा त्याच्यावर बसून खाली जायचं ते वळणाऱ्यानेच. ‘वळेल तो उतरेल.’ सासरे जाताना पोराला आणि सुनेला एवढंच सांगून गेले.

एका उन्हाळ्यात या दोन्ही रीती एकाच दोराला मोडल्या.

विहिरीतला गाळ काढायचा होता. दोर पाठमोरीने वळला. पण वळताना ती मनातल्या मनात सासूशी भांडत होती. सकाळी काहीतरी बोलाचाली झाली होती, तिचं उत्तर तिला दुपारी सुचलं, आणि ती मागे मागे चालत ते उत्तर घोळवत राहिली. त्या भांडणात ती जिंकली आणि मोजणीत हरली. पुढे विहिरीवर गेल्यावर तिने काठावरून आत डोकावलं, आणि तिचे गुडघे पाणी पाणी झाले. नवरा म्हणाला, “राहू दे, मी जातो.” दोराला बांधलेल्या फळीवर तो बसला. रहाट फिरला. तो बराच खाली गेला होता, तेवढ्यात दोर तुटला. गाळ होता म्हणून जीव वाचला. पण उजवा हात दगडाखाली आला, आणि पंजा गेला तो गेलाच.

विहीरमिस्त्री म्हणाला, “दोर कच्चा.” गाव म्हणालं, “काठाच्या दगडाला घासला असेल.” खरं काय ते एका माणसाला माहीत होतं. त्या गोंधळात पाठमोरीने रहाटावर राहिलेलं तुटकं टोक सोडवून पदराआड घेतलं, घरी येऊन पिंजून पाहिलं. तिन्ही जोड चार बोटांत. तिने ते टोक वाखाच्या पेटीत अगदी तळाशी ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर वर्षभर तिने विहिरीचा दोर वळला नाही. शेळ्यांची दावी, पाळण्याची दोरी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, बस्स. पाच हातांच्या दाव्यालाही तिची बोटं थरथरायची.

पट्टीपलीकडे एक दोन खोल्यांचा विहार होता. तिथे एक म्हाताऱ्या भिक्षुणी राहायच्या. सगळे त्यांना आर्याजी म्हणत. दर पौर्णिमेला त्या प्रवचन गाऊन सांगायच्या. आवाज चिरका, दम अपुरा, पण चाल अशी, की ऐकणारा पाय हलवता हलवता रडायला लागायचा. मी पुष्कळांची प्रवचनं ऐकली आहेत, गोड गळ्यांची. त्या चिरक्या गळ्याची सर कुणाला नाही.

नवऱ्याच्या हाताची जखम भरत होती त्या दिवसांत पाठमोरी पहिल्यांदा तिकडे गेली, आणि मग रोज पहाटे जाऊ लागली. आर्याजींनी तिला मांडी घालून बसवलं आणि सांगितलं, “श्वास आत येतोय, बाहेर जातोय. नुसतं बघ. मन पळालं की आण परत.”

आठ दिवसांनी पाठमोरी म्हणाली, “आर्याजी, मला नाही जमत. दहा श्वास होत नाहीत तोवर मन विहिरीत पडतं.”

“मग काय करतेस?”

“आणते ओढून. पुन्हा पडतं. किती वेळा ते मोजलंच नाही.”

“म्हणजे पुष्कळ वेळा आणलंस. बरं चाललंय तुझं.”

घरी सासू वाटच बघत असायची. “आलीस? आज काय मिळालं डोळे मिटून? मी पण मिटते रोज, मला झोप मिळते.” सासूचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला खाली बसता यायचं नाही. “मांडी घालता येत नाही त्या बाईला कसलं आलंय निब्बाण!” असं म्हणून ती स्टुलावर बसल्या बसल्या वाख विंचरायची.

पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणत. पहिलं, दुसरं, तिसरं पाठमोरी मोठ्याने म्हणायची. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे तिचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. पाचव्याला पुन्हा यायचा. तेराव्या पौर्णिमेला आर्याजी हळूच म्हणाल्या, “चौथ्याला तुझा गळा बसतो का गं?”

पाठमोरीने मान खाली घातली. आर्याजींनी पुढे विचारलं नाही. त्या दिवशी प्रवचनात त्या गायल्या,

*पाऊल चुकले, चुकू दे गं बाई,*
*वाट काही कुठे गेली नाही.*
*धूळ झाडावी, पुढले टाकावे,*
*किती वेळा पडलीस, वाट पुसत नाही.*

बरं. आता मुद्द्यावर येते.

त्या वर्षी पाऊस आला आणि नुसता तोंड दाखवून गेला. उन्हं अशी, की दुपारी पट्टीवर अनवाणी उभं राहवेना. विहिरीतलं पाणी खाली खाली जात शेवटी चिखल झाला. बायका पहाटे घागर घेऊन जायच्या आणि दुपारी अर्धी घागर लाल पाणी घेऊन यायच्या. विहीर आणखी खोल नेली तरच गाव टिकणार, नाहीतर महिनाभरात एकेक घर बाहेर पडणार. दोन घरांनी तर भांडी बांधलीसुद्धा होती.

मिस्त्रीने शहरातून नायलॉनचा दोर मागवला. निळा, चकचकीत. पहिल्याच दिवशी तो लाकडी रहाटावरून सरकला. दगडांनी भरलेलं टोपलं गडगडत खाली गेलं, खालचे दोघे भिंतीला चिकटले म्हणून वाचले, आणि वर दोर धरणाऱ्याच्या तळव्यांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी कुणी खाली उतरेना.

संध्याकाळी मिस्त्री दोरवाल्यांच्या अंगणात आला. पाठमोरी समोर वाख झोडत होती, तिच्याकडे न बघता तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, “वाखाचा दोर हवा. दीडशे हात. पण तुझा हात तर एकच. वळणार कोण?”

“मी वळते की,” सासू स्टुलावरून म्हणाली. “नाचत नाचत.”

“आजी, थट्टा नको. माणसं खाली जायची आहेत.”

नवरा म्हणाला, “ती वळेल.”

“तिचा मागचा दोर माझ्या लक्षात आहे.”

“माझ्याही आहे,” नवरा थोटा हात पुढे करून म्हणाला. मिस्त्रीने मान वळवली.

पाठमोरीच्या हातातली काठी थांबली होती. नाही म्हणणं किती सोपं होतं! ओठावर आलंच होतं. मग तिला जाणवलं, श्वास आत येतोय. मग बाहेर गेला. मग पुन्हा आला. ती म्हणाली, “नऊ दिवस द्या.”

“आणि खाली पहिल्यांदा कोण जाणार?”

“वळेल तो उतरेल,” ती म्हणाली. आवाज फाटला, पण निघाला.

मिस्त्रीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “नऊ दिवस,” म्हणाला, आणि गेला.

सासू म्हणाली, “पाळण्याची दोरी वळताना हिची बोटं नाचतात, आणि ही जाणार विहिरीत! अगं, निदान नवी साडी नेसू नकोस, वाया जाईल.”

पहिल्या दोन दिवसांत पहिला पेड झाला. नवरा डाव्या हाताने चाक फिरवायचा, सासू वाख विंचरून मुठी बांधून द्यायची, आणि पाठमोरी मागे मागे. बोटांना चिरा पडल्या, त्यात वाखाचा रस जाऊन आग व्हायची. तीनशे पावलांनंतर पोटऱ्या दगड व्हायच्या. आणि मन! सातव्या पावलाला विहीर, आठव्याला नवऱ्याचा हात, नवव्याला मिस्त्रीचे डोळे. पण दहाव्याला ती परत आलेली असायची. कशी ते तिचं तिलाच कळेना. मग तिला उमगलं, वर्षभर पहाटे ती हेच तर करत आली होती. श्वास तरी केवढा? वाखाएवढाच. हातभर. संपला की पुढचा जोडायचा.

पट्टीपलीकडे आर्याजी सकाळचं चंक्रमण करत, म्हणजे चालत्या पायांनी ध्यान, संथ, एकेक पाऊल. सासू चाकाजवळून ओरडली, “आर्याजी, तुम्ही पुढे चालता, ही मागे चालते. दोघी एकाच ठिकाणी पोचणार का?”

“आजी, तुम्ही बसल्या जागी पोचाल!” आर्याजी म्हणाल्या, आणि पुन्हा चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुसरा पेड सुरू झाला. दुपारी सावलीत तिघं पेज पीत होती. पाठमोरीने वाटी खाली ठेवली, उठली, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि ते तुटकं टोक नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं.

“काय हे?”

“मागच्या वर्षीचा दोर. दगडाला घासला नव्हता. तीन जोड एका जागी आले होते. माझी मोजणी चुकली. मी तेव्हाच पाहिलं, आणि लपवलं.”

नवऱ्याने टोक उचललं. डाव्या हाताच्या अंगठ्याने एकेक पेड उलगडला. दोरवाल्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. मान वर न करताच तो म्हणाला, “मी फळीवर बसून खाली वाकलो होतो. पाणी किती आहे बघायला. मला वाटत होतं, मी वाकलो, फळी हेलकावली, दोर काठाला घासला. माझा हात माझ्याच मूर्खपणाने गेला.” त्याचा आवाज चढला. “वर्षभर! रोज सकाळी या हाताकडे बघून मी स्वतःला शिव्या घालत होतो. आणि तू पलीकडे जाऊन डोळे मिटून बसत होतीस!”



तो उठला, टोक मुठीत तसंच, आणि पट्टी ओलांडून शेतांकडे निघून गेला. चाक थांबलं. आकड्यात अर्धा पेड लोंबत राहिला.

आता सासू तडकणार, असं वाटलं पाठमोरीला. वर्षभराचा हिशेब निघणार. सासूने वाटीतली पेज संपवली, तोंड पुसलं आणि विचारलं, “मोजणी चुकलीच कशी? काय करत होतीस?”

“तुमच्याशी भांडत होते. मनात.”

“कशावरून?”

“आता आठवतही नाही.”

“मग मीच जिंकले असणार.” म्हातारी खांबाला धरून उठली. गुडघे करकर वाजले. स्टूल ओढत चाकापाशी नेलं, त्यावर बसली आणि चाकाची मूठ धरली. “बघतेस काय? पेड सुटा राहिला तर पीळ उतरेल. चल, मागे हो.”

“तुम्हाला नाही जमणार, आई. गुडघे…”

“चाक गुडघ्याने फिरवतात का?”

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी अख्खा दिवस म्हाताऱ्या सासूने चाक फिरवलं. दंड सुजला तर हात बदलला. मधूनच कुरकुरायची, मधूनच आर्याजींची चाल चुकीच्या शब्दांत गुणगुणायची. पण चाकाची गती एकदाही तुटली नाही. नवरा उशिरा घरी यायचा, ताटाकडे बघून जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

दुसरा पेड झाला. पाचव्या दिवशी पहाटे पाठमोरी विहारातून परतली, तर चाकाशी नवरा बसलेला. आकड्याला तेल घालत होता.

“आईचा हात सुजलाय,” तो म्हणाला. आकडा फिरवून पाहिला. “तू बोलली नसतीस तर मी असाच मेलो असतो. स्वतःला मूर्ख म्हणत.” मग तेलकट बोटं खांबाला पुसली. “राग गेलेला नाही. पण चाक फिरवतो.”

“एवढं पुरे,” ती म्हणाली.

सहाव्या दिवशी तिसरा पेड संपत आला होता, आणि पाठमोरी चालता चालता एकदम उभी राहिली. नवरा चाकावरून उठून गेला, तेव्हा ती दुसऱ्या पेडाच्या कितव्या पावलावर होती? जोड घालून झाला होता की घालायचा होता? सासू चाकाशी बसल्यावर तिने मोजणी तेराच्या हिशेबाने धरली की दहाच्या? दुसरा पेड समोर खुंट्यांवर ताणून ठेवला होता. गोरा, घट्ट, एकसारखा. जोड कुठेच दिसत नव्हता.

तिने हातातला पेड खुंटीला बांधला. “दुसरा उलगडावा लागेल. मधले चाळीस हात.”

“वेड लागलं का?” नवरा म्हणाला. “चाळीस हात! उलगडायला, विंचरायला, परत वळायला दोन दिवस. मिस्त्री दारात उभा आहे. सरळ तर दिसतोय!”

“मागचाही सरळ दिसत होता.”

“जोड जागेवर असला तर?”

“असेल. मला माहीत नाही.”

तिने उलगडायला घेतला. पेड उलगडणं हे वळण्यापेक्षा वाईट. पीळ बोटांना चावतो, नखांत शिरतो. येणारेजाणारे उभे राहून बघू लागले. घागर घेऊन चाललेली एक बाई दुसरीला म्हणाली, “वर्षभर दावी वळली, आता झालेला दोर मोडतेय. आपण भांडी बांधायला घ्यावीत.” पाठमोरीने ते ऐकलं. कान तापले. श्वास आत आला, बाहेर गेला. पुढचा पीळ सोडवला.

संध्याकाळी शंकेची जागा सापडली. जोड बरोब्बर तेराव्या पावलाच्या हिशेबात होता. बोटभरही इकडेतिकडे नाही.

सासूने कपाळाला हात लावला. “घ्या! चाळीस हात फुकट! बोटांची चाळण झाली ती फुकट!”

आणि पाठमोरी हसली. वर्षात पहिल्यांदा घरातल्यांनी तिला खळखळून हसताना पाहिलं. “फुकट नाही, आई. मघाशी मला वाटत होतं. आता मला माहीत आहे.”

तिने रक्ताळलेली बोटं चिंध्यांनी बांधली आणि तिथूनच पुन्हा वळायला सुरुवात केली. आणि ऐका, तेव्हापासून तिची बोटं थरथरली नाहीत. धैर्य काही वरून टपकलं नव्हतं तिच्यावर. चाळीस हात उलगडून ते तिने आतून काढलं होतं.

आठव्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही पेड पुरे झाले. मग तीन खाचांचा लाकडी गोळा तिन्ही पेडांमध्ये धरून ती पट्टीच्या टोकापासून चाकाकडे निघाली. गोळ्यामागे दोर वळत येत होता, मनगटाएवढा, मुंगसाच्या पाठीसारखा दाट. नवव्या दिवशी दोर भिजवला, दोन खांबांत ताणला, मधोमध दगड टांगून तासभर ठेवला. नवऱ्याने डावा तळवा दोरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कुठे थांबला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अख्खा गाव विहिरीवर. मिस्त्रीने रहाटावर दोर चढवला. लाकडाला वाख असा चिकटून बसला, जसे जुने मित्र. फळी बांधली. मिस्त्री म्हणाला, “आधी दगडांचं टोपलं सोडून बघू.”

“दगडांनी वळलाय का?” पाठमोरी म्हणाली, आणि काठावर आली.

खाली पाहिलं. नव्वद हात काळोख. गुडघे मागच्यासारखेच पाणी पाणी झाले. हो, झाले! मी खोटं सांगणार नाही, या गोष्टीत तर नाहीच. भीती होती तशीच होती. फक्त या वेळी ती भीतीला घेऊन फळीवर बसली.

नवरा रहाटाजवळ आला आणि रहाट धरणाऱ्या चौघांच्या हातांत आपला डावा हात घातला. “सोडा हळू,” म्हणाला.

दहा हात. काठावरची डोकी लहान झाली. वीस हात. भिंतीतला गारवा अंगाला लागला. चाळीस. साठ. सत्तर. ही तीच जागा, जिथे मागचा दोर सुटला होता. फळी जरा फिरली. दोर कर्रर्र वाजला. वर कुणीतरी बाई ओरडली. पाठमोरीने डोळे उघडे ठेवले. तिच्या चेहऱ्यासमोरून दोर थेट वर गेला होता, आणि तिला तो सगळा पाठ होता. हा जोड दुपारचा. हा आई चाक फिरवत होत्या तेव्हाचा. हा उलगडून पुन्हा घातलेला. श्वास आत, श्वास बाहेर. ऐंशी. नव्वद.

पाय चिखलात टेकले.

तिने मान वर केली. नाण्याएवढं आभाळ, आणि त्याच्या कडेला डोकी. तिला काय बोलावं कळेना, म्हणून ती सरळ ओरडली, “अहो, पोचले!”

वर जो गलका उठला, तो म्हणे तीन शेतं पलीकडे ऐकू गेला. मिस्त्रीने डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. ती वर आली तेव्हा त्याने स्वतः हात देऊन तिला काठावर घेतलं आणि म्हणाला, “ताई, आता माझी माणसं जातील.” वर्षभरात पहिल्यांदा ताई. नवऱ्याने कमरेच्या गाठीतून ते जुनं तुटकं टोक काढलं, तिला दाखवलं आणि विहिरीत नव्हे, चुलीत टाकायला म्हणून आईकडे दिलं. सासू म्हणाली, “दे इकडे, पाणी तापायला तेवढंच.”

त्या दोराने बावीस दिवस दगड ओढला. तेविसाव्या दिवशी सुरुंगाच्या भोकातून आधी ओल आली, मग धार, मग खालचे दोघे ओरडत फळीवर चढले, कारण पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. बांधलेली भांडी सुटली. सगळा गाव विहिरीकडे पळाला. एकट्या आर्याजी चंक्रमण करत होत्या. कुणीतरी त्यांना हाक मारली, “आर्याजी, पाणी! चला!”

“पाणी येईल इकडे,” त्या म्हणाल्या, आणि पाऊल टाकलं.

आणि आलंच. पाठमोरी पहिली घागर घेऊन सरळ विहारात आली. आर्याजींनी ओंजळ धरली, प्यायल्या, आणि ओल्या हातानेच विचारलं, “गळा आता कसा आहे?”

पाठमोरी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि पाचही शीलं म्हणाली. चौथं एवढ्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या शेतातल्या शेळ्यांनी चरायचं सोडून माना वर केल्या. आर्याजी खुदकन हसल्या. “आता कळलं,” म्हणाल्या, “एवढा आवाज वर्षभर कुठे अडकला होता ते.”

झाली गोष्ट. आता निघताना एक मागणं आहे माझं. पाठमोरीची आठवण सगळेच काढतात; गावातल्या बायका पोरींना अजून सांगतात, पाठमोरीसारखी उलगडून बघ म्हणून. आर्याजींना आठवणारे मी आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही मात्र त्या म्हातारीला आठवा, जिला मांडी घालता येत नव्हती, जिने आयुष्यात एक ध्यान केलं नाही, आणि जिने सगळं ऐकून घेतल्यावर एकच केलं, स्टूल ओढलं आणि चाक धरलं. कधी तुमच्या घरात कुणाचा पेड अर्धा लोंबत राहिला, तर तिची आठवण काढा. पीळ उतरू देऊ नका.